फाटकावरचा पहारा : लहान व्यवसायासाठी राउटर व फायरवॉल यांची निवड आणि वापर

शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी असाव्यात, संस्थेच्या वाटचालीचा आढावा असावा, ही रीत योग्यच आहे. परंतु स्मरणिका ही घरोघरी जपून ठेवली जाणारी वस्तू असल्यामुळे तिच्यातील काही पाने उपयोगाच्या पाठासाठी राखून ठेवावीत, असे आम्हांस वाटते. आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी अनेक जण आज नोकरी शोधत नाहीत, चार जणांना नोकरी देतात. कोणाचे करसल्लागाराचे कार्यालय आहे, कोणाचा दवाखाना आहे, कोणाचे वर्कशॉप, कोणाचा छापखाना, कोणाचे शिकवणीवर्ग. त्यांच्यातील अनेकांच्या घरात व्यवसाय करणारी ही पहिलीच पिढी आहे. पाठीशी वडिलोपार्जित पेढी नाही. ग्राहकांचा विश्वास आणि संगणकात साठवलेला हिशेब हेच भांडवल. एखाद्या सकाळी तो हिशेब कोणी परक्याने कुलूपबंद केला व चावीसाठी खंडणी मागितली, तर मोठी कंपनी कदाचित सावरेल. पहिल्या पिढीचा व्यवसाय मात्र तेथेच थांबू शकतो.

इतिहासाच्या शिक्षकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, प्रत्येक यंत्राला इतिहास असतो आणि ते कोणत्या संकटातून जन्मले हे कळले की ते कशासाठी वापरावे हेही कळते. प्रस्तुत पाठाचा उद्देश कोणाला संगणक अभियंता बनवण्याचा नाही. यंत्र विकणाऱ्याला व बसवणाऱ्याला योग्य प्रश्न विचारता यावेत आणि त्याने दिलेले उत्तर पारखता यावे, एवढाच आहे.

१. राउटर : पत्ता वाचून वाट दाखवणारा

इंटरनेटवरून जाणारा मजकूर सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. तो पत्ता वाचून पॅकेटला पुढच्या वाटेला लावणारे यंत्र म्हणजे राउटर. याचा पूर्वज १९६९ साली अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यात कामाला लागला. त्या वर्षीच्या २९ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियातील दोन संशोधन केंद्रांमध्ये पहिला संदेश गेला, तो अशा यंत्रांच्या मार्फत. पुढे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सिस्को कंपनीने राउटर हा बाजारातला माल बनवला.

पहिल्या पिढीच्या या जाळ्यात एकमेकांना ओळखणारी विद्यापीठे व प्रयोगशाळा होत्या. म्हणून जो पत्ता विचारील त्याला वाट दाखवावी, हाच राउटरचा स्वभाव ठरला. येणारा कोण आहे, त्याला आत घ्यावे की नाही, हा प्रश्न त्याच्यासमोर मांडलेलाच नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढचा सारा पाठ त्यावर उभा आहे.

दुसरी एक गोष्ट राउटर करतो. प्रचलित पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. जगातील उपकरणांना ती पुरत नाही. म्हणून बहुतेक कार्यालयांना बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता मिळतो आणि आतील संगणकांना राउटर खासगी पत्ते वाटतो. आपल्या संगणकावर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा अनेकांनी पाहिला असेल; तो अशा खासगी पत्त्यांपैकीच. वसतिगृहाचे उदाहरण घ्यावे. टपाल खात्याला शाळेचा एकच पत्ता ठाऊक असतो. पत्रे कार्यालयात येतात आणि तेथून नोंदवहीप्रमाणे खोल्याखोल्यांत पोचतात. या व्यवस्थेमुळे बाहेरच्याला आतील खोल्या दिसत नाहीत, हे खरे. परंतु ही पत्त्यांच्या टंचाईवर काढलेली तोड आहे, पहारा नव्हे. आता आपल्या देशातही मोबाईल व फायबर सेवेत आयपीव्ही-६ ही नवी पत्तापद्धती सर्रास वापरली जाते आणि तिच्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो. तेव्हा ‘राउटर आहे, म्हणजे आपण सुरक्षित आहोत’ ही समजूत सोडली पाहिजे.

२. फायरवॉल : संकटातून आलेला शहाणपणा

‘फायरवॉल’ हा शब्द बांधकामातला. एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून मध्ये बांधलेली जाड भिंत, असा त्याचा अर्थ. १६६६ मध्ये लंडन शहर जळाल्यानंतर तेथे जो पुनर्बांधणीचा कायदा झाला, त्यात घरे विटांची वा दगडाची असावीत व सामाईक भिंती ठरावीक जाडीच्या असाव्यात, असे बंधन घातले गेले. आग लागणारच नाही, असे त्या कायद्याने गृहीत धरले नाही. लागलेली आग पसरू नये, एवढी व्यवस्था केली. संगणकाच्या जाळ्यातही फायरवॉलचे काम तेच.

संगणकाच्या जगातली पहिली मोठी आग २ नोव्हेंबर १९८८ रोजी लागली. रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम स्वतःच्या नकला करत संगणकांमागून संगणक व्यापत गेला. त्या वेळी इंटरनेटला जोडलेल्या सुमारे साठ हजार संगणकांपैकी सहा हजार ठप्प झाले, असा अंदाज सांगितला जातो. त्याच महिन्यात अशा आपत्तींना तोंड देणारे पहिले केंद्र अमेरिकेत स्थापन झाले. भारतात त्या धर्तीवरची ‘सर्ट-इन’ ही शासकीय संस्था २००४ पासून काम करते.

यानंतर फायरवॉल तीन टप्प्यांनी घडली. आपल्या वसतिगृहाच्या फाटकावरील पहारेकऱ्यावरून ते टप्पे सहज समजतात.

पहिल्या टप्प्यातील पहारेकरी फक्त पाकिटावरचा पत्ता पाहतो. अमुक ठिकाणाहून आलेले घ्यावे, तमुक ठिकाणचे परत पाठवावे, एवढेच त्याला कळते. ही पॅकेट गाळणारी फायरवॉल.

दुसऱ्या टप्प्यातील पहारेकरी नोंदवही ठेवतो. चार वाजता परवानगीने बाहेर गेलेला विद्यार्थी सहा वाजता परतला, तर नोंद पाहून त्याला आत घेतो. ‘मीही येथलाच’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाची नोंद नसेल तर त्याला थांबवतो. म्हणजे आतून सुरू झालेल्या संभाषणाचे उत्तर आत येते, आगंतुक येत नाही. चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने १९९४ मध्ये या प्रकारची फायरवॉल बाजारात आणली आणि ती रूढ झाली. आज अगदी साध्या राउटरमध्येही एवढी सोय असते.

तिसऱ्या टप्प्यातील पहारेकरी पिशवी उघडून पाहतो. पत्ता बरोबर आहे, नोंदही आहे, पण आत काय आहे? २००७ च्या सुमारास पालो आल्टो नेटवर्क्स या कंपनीने या धर्तीची यंत्रे आणली. फोर्टिनेट, सोफोस, सोनिकवॉल, सिस्को यांचीही अशी यंत्रे आज मिळतात. लहान कार्यालयांसाठी व्हायरस तपासणी, संकेतस्थळांची छाननी, व्हीपीएन व पहारा हे सारे एकाच डब्यात देणारी यंत्रे बनवण्यात अहमदाबादच्या सायबरोम या भारतीय नाममुद्रेने नाव कमावले होते; २०१४ मध्ये सोफोसने तो व्यवसाय विकत घेतला. याशिवाय पीएफसेन्स व ओपीएनसेन्स ही मुक्त सॉफ्टवेअरे आहेत. साध्या संगणकावर ती बसवून चांगली फायरवॉल उभी करता येते. मात्र ती सांभाळणारा जाणकार माणूस हाताशी हवा.

३. निवड : आधी यादी, मग दुकान

यंत्र घ्यायला निघालेला माणूस आधी किंमत विचारतो. आमचे सांगणे असे की आधी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्यात.

पहिली, आपल्याकडे काय आहे. किती संगणक, किती मोबाईल, किती छपाई यंत्रे, सीसीटीव्हीचे किती कॅमेरे, हजेरीचे यंत्र, कार्ड स्वाइप करण्याचे यंत्र. जाळ्याला जोडलेली प्रत्येक वस्तू मोजावी. बारा जणांच्या कार्यालयात चाळीस उपकरणे सहज निघतात.

दुसरी, त्यातले काय गेले तर व्यवसाय थांबेल. करसल्लागाराच्या बाबतीत ती ग्राहकांची कागदपत्रे असतील, डॉक्टरांच्या बाबतीत रुग्णांच्या नोंदी, कारखान्याच्या बाबतीत नकाशे व ऑर्डरी.

तिसरी, बाहेरून आत कोणाला यावे लागते. घरून काम करणारा हिशेबनीस, दुसऱ्या गावातली शाखा, यंत्रांची देखभाल करणारा तंत्रज्ञ.

चौथी, इंटरनेट बंद पडले तर किती वेळ निभावेल. तासभरही निभावणार नसेल, तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या लागतील आणि दोन्ही सांभाळणारे यंत्र लागेल. दोन्ही तारा एकाच खांबावरून येत नाहीत ना, हेही पाहावे.

ही यादी झाली की उत्तर बरेचसे आपोआप मिळते. दोन संगणकांच्या कार्यालयाला महागड्या यंत्राची गरज नसते; नियमित सुधारणा मिळणारा चांगला राउटर, त्यातील फायरवॉल चालू ठेवणे आणि संगणकातील स्वतःची फायरवॉल बंद न करणे, एवढ्याने पुष्कळ साधते. दहापासून पन्नास माणसांच्या कार्यालयात ग्राहकांची माहिती साठवली जात असेल, तर तिसऱ्या टप्प्यातील लहान फायरवॉल घ्यावी. इंटरनेट देणाऱ्या कंपनीने भिंतीवर बसवलेला डबा घरासाठी पुरतो. व्यवसायासाठी मात्र त्याच्यामागे आपल्या मालकीचे व आपल्या ताब्यातले यंत्र असावे.

४. माहितीपत्रक कसे वाचावे

इतिहासाच्या विद्यार्थ्याला आम्ही शिकवतो की कागद कोणी लिहिला व कशासाठी लिहिला, हे आधी विचारावे. यंत्राच्या माहितीपत्रकालाही हाच नियम लावावा. त्यात वेगाचे तीन-चार आकडे असतात आणि सर्वांत मोठा आकडा सर्वांत वर असतो. फोर्टिगेट ४०एफ या लहान कार्यालयासाठीच्या यंत्राचे उदाहरण पाहू. त्याचा नुसता फायरवॉलचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट दिला आहे. परंतु धोके तपासण्याच्या सर्व सोयी चालू केल्यावरचा वेग ६०० मेगाबिट आहे, म्हणजे आठव्या हिश्श्याच्या आसपास. यात लबाडी नाही. दोन्ही आकडे त्याच पत्रकात छापलेले आहेत. पिशवी उघडून पाहणाऱ्या पहारेकऱ्याला वेळ लागणारच. सर्वच कंपन्यांच्या यंत्रांत असा फरक असतो. आपण आपल्या जोडणीच्या वेगाशी ताडून पाहायचा तो हा धाकटा आकडा. जोडणी ३०० मेगाबिटची असेल, तर सर्व तपासणीसह निदान तेवढा वेग, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांच्या वाढीसाठी आणखी थोडी सोय, असा हिशेब धरावा.

दुसरा प्रश्न लायसन्सचा. तपासणीच्या सोयी बहुधा वर्षाच्या वर्गणीवर मिळतात. वर्गणी संपली की यंत्र चालू दिसते, दिवे लुकलुकतात, पण नव्या धोक्यांची माहिती येणे थांबते. म्हणून यंत्राची किंमत विचारताना तीन किंवा पाच वर्षांचा एकूण खर्च लेखी मागावा. पहिल्या वर्षी स्वस्त वाटणारे यंत्र नूतनीकरणात महाग पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

तिसरा प्रश्न आयुष्याचा. बहुतेक कंपन्या आपापल्या यंत्रांचा आधार कोणत्या तारखेला संपणार, हे जाहीर करतात. त्या तारखेनंतर त्यात सापडलेल्या भेगा कोणी बुजवत नाही. सवलतीत मिळणारे यंत्र घेताना ही तारीख जरूर पाहावी. सवलतीचे कारण कधी कधी त्या तारखेतच असते.

चौथा प्रश्न माणसाचा. आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात हे यंत्र जाणणारा कोण आहे? रात्री बिघाड झाला तर बदली यंत्र किती दिवसांत येईल? उत्तम यंत्र आणि त्याला न ओळखणारा तंत्रज्ञ यापेक्षा साधे यंत्र आणि त्याची चांगली ओळख असलेला तंत्रज्ञ केव्हाही बरा.

५. बसवल्यानंतरचे नियम

फायरवॉल म्हणजे अखेर नियमांची एक यादी. ती वरून खाली वाचली जाते आणि जो नियम प्रथम लागू पडतो तो अमलात येतो. या यादीतला सर्वांत महत्त्वाचा नियम शेवटचा असतो : वर ज्याला परवानगी दिलेली नाही, त्या सर्वांना मनाई. वसतिगृहाच्या फाटकावर ‘कोणाकोणाला येऊ देऊ नये’ याची यादी लावली, तर ती कधीच पुरी होणार नाही. ‘कोणाला येऊ द्यावे’ याची यादी मात्र एका पानात बसते. नवे यंत्र बसवताना घाईत ‘सर्वांना सर्वत्र परवानगी’ असा नियम तात्पुरता घातला जातो आणि मग तो तसाच राहतो. यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी तंत्रज्ञाला शेजारी बसवून प्रत्येक नियम मोठ्याने वाचून घ्यावा व तो कशासाठी आहे हे विचारावे. ज्याचे कारण त्याला सांगता येत नाही तो नियम काढून टाकावा.

कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ मधील ‘मिराई’ प्रकरण या एका आळसाची किंमत सांगते. मिराई नावाचा प्रोग्राम इंटरनेटवरचे कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर शोधून त्यांवर कारखान्याचे साठेक ठरावीक पासवर्ड लावून पाहत असे. जे उघडले ते त्याच्या फौजेत सामील झाले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांनी मिळून डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास मिळेनाशा झाल्या. ज्यांचे कॅमेरे या फौजेत होते त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

बाहेरून आत येण्याची दारे शक्य तितकी कमी ठेवावीत. घरून टॅलीवर काम करता यावे म्हणून कार्यालयातील संगणकाचे रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, थेट इंटरनेटवर उघडून देण्याची पद्धत लहान कार्यालयांत फार आढळते. खंडणीखोरांची ही आवडती वाट आहे. त्याऐवजी फायरवॉलवरील व्हीपीएन वापरावे, म्हणजे आधी फाटकावर ओळख पटेल व मगच आतील खोली दिसेल. आणि पासवर्डच्या जोडीला मोबाईलवरचा दुसरा संकेत सक्तीचा करावा. यंत्राची स्वतःची व्यवस्थापन खिडकी बाहेरून उघडी ठेवू नये. कॅमेऱ्यांना आपोआप दारे उघडून देणारी यूपीएनपी ही सोय बंद करावी.

सुधारणा वेळेवर बसवाव्यात. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीच्या प्रोग्रामने दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बंद पाडले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भेगेतून तो शिरला ती बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. दोन महिने हाती होते. हीच गोष्ट पहारेकऱ्यालाही लागू आहे. फोर्टिनेटच्या व्हीपीएनमधील एका भेगेवर मे २०१९ मध्ये सुधारणा आली होती. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० यंत्रांवरील वापरकर्त्यांची नावे व पासवर्ड उघड झाल्याचे दिसून आले. काहींनी सुधारणा बसवलीच नव्हती. काहींनी बसवली, पण आधीच चोरीला गेलेले पासवर्ड बदलले नव्हते. कुलूप दुरुस्त केले तरी चोराकडे जुनी चावी असेल, तर चावीही बदलावी लागते.

६. आतल्या भिंती

फाटक भक्कम असूनही आत मोकळे मैदान असेल, तर एकदा शिरलेला माणूस कोठेही जाईल. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतील टार्गेट या दुकानांच्या साखळीतून सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले ते वातानुकूलन व शीतयंत्रांचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या नाव-पासवर्डाने. शीतयंत्राच्या कंत्राटदाराच्या दारातून पैशांच्या काउंटरपर्यंत वाट मोकळी सापडणे, हा खरा दोष होता.

लंडनच्या कायद्याचा धडा येथे कामाला येतो : घराघरांमध्येही भिंत हवी. एकाच यंत्रातून जाळ्याचे वेगळे भाग पाडता येतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. लहान कार्यालयात निदान चार भाग करावेत : हिशेब व ग्राहकांच्या नोंदींचे संगणक, इतर कर्मचाऱ्यांचे संगणक, कॅमेरे व तत्सम उपकरणे, आणि पाहुण्यांचे वाय-फाय. पाहुण्यांना इंटरनेट मिळावे, आतील काहीही दिसू नये. कॅमेऱ्यांना हिशेबाच्या संगणकाशी बोलण्याचे कारण नाही. भाग पाडू शकणारा स्विच व वाय-फायचे यंत्र घेताना ही सोय त्यात आहे का, हे विचारून घ्यावे.

७. पहाऱ्याची मर्यादा

फायरवॉलवर नको तितका भरवसा ठेवणे हाही एक धोका आहे. खिशातून आलेला पेनड्राइव्ह फाटकावरून जात नाही. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या ईमेलला भुलून कर्मचाऱ्याने स्वतःच पासवर्ड लिहून दिला, तर पहारेकरी काय करणार? शिवाय आज बहुतेक संकेतस्थळांची वाहतूक सांकेतिक स्वरूपात असते. ती उघडून तपासायची तर प्रत्येक संगणकावर वेगळे प्रमाणपत्र बसवावे लागते आणि यंत्रावर भारही पडतो. ही तपासणी चालू केलीच तर बँकेची व वैद्यकीय संकेतस्थळे तिच्यातून वगळावीत व कर्मचाऱ्यांना तसे सांगावे. ज्यांची पिशवी तपासली जाते त्यांना ते ठाऊक असणे, हा त्यांचा हक्क आहे.

म्हणून बॅकअपला पर्याय नाही. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक कार्यालयाबाहेर, जाळ्यापासून तोडलेली असावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल परत मिळवून पाहावी. न तपासलेला बॅकअप हा केवळ दिलासा असतो. फायरवॉलमधील नियमांचीही एक प्रत काढून ठेवावी. यंत्र जळाले तर नव्या यंत्रात ती उपयोगी पडेल.

८. नोंदवही आणि कायदा

फाटकावरील नोंदवही चोरी झाल्यावरच आठवते. फायरवॉल प्रत्येक ये-जा नोंदवू शकते, पण लहान यंत्रात जागा थोडी असल्याने जुन्या नोंदी पुसल्या जातात. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्या व व्यावसायिक संस्थांनी अशा नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत, आणि ठरवून दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची आहे. तेव्हा नोंदी वेगळ्या साठ्यावर पाठवण्याची सोय यंत्र घेतानाच मागावी, आणि यंत्राचे घड्याळ बरोबर चालते ना हे पाहावे. वेळ चुकीची असलेली नोंद पुरावा म्हणून लंगडी पडते. पैशांची फसवणूक झाली तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे; तेथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

९. चावी कोणाकडे?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अनेक लहान कार्यालयांत यंत्राचा मुख्य पासवर्ड मालकाला ठाऊक नसतो. तो यंत्र बसवून गेलेल्या माणसाकडे असतो. तो माणूस गाव सोडतो, दुकान बदलतो, किंवा पैशांवरून वाद होतो, आणि मालक आपल्याच फाटकाबाहेर उभा राहतो. तंत्रज्ञावर विश्वास ठेवू नये, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्यासाठी त्याच्या नावाचे वेगळे खाते असावे, त्याचे काम संपले की ते बंद करता यावे, आणि मुख्य पासवर्ड मालकाकडे बंद पाकिटात, तिजोरीत असावा, एवढेच सांगणे आहे. लायसन्सही मालकाच्या ईमेलवर व मालकाच्या नावाने असावे.

‘आम्हांला त्यातले काही कळत नाही, तुम्हीच बघा’ हे वाक्य लहान व्यावसायिक फार सहजपणे बोलतात. ज्यांच्या मागच्या पिढ्यांना सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते, त्यांच्या नातवंडांनी हे वाक्य उच्चारताना थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे. वही बदलली आहे. तिच्यातील नियम वाचता येण्याची गरज बदललेली नाही. तीस-चाळीस नियमांची यादी वाचायला एक दुपार पुरते. इतकी वर्षे अभ्यासिकेत बसलेल्या विद्यार्थ्यांना एवढे अवघड जाऊ नये.

पालकांसाठीही एक शब्द. आपली मुले या विषयात पुढे शिकू शकतात. नेटवर्कचे काम जाणणाऱ्या माणसांची तालुक्याच्या गावांतही गरज वाढते आहे. या ज्ञानासाठी अभियांत्रिकीची पदवी असलीच पाहिजे असे नाही; एखादे वापरलेले यंत्र, मुक्त सॉफ्टवेअर आणि चिकाटी यांवरही पुष्कळ शिकता येते.

स्वाध्याय

पाठ संपल्यावर आपल्या व्यवसायाविषयी पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

१) माझ्या जाळ्याला आज एकूण किती उपकरणे जोडलेली आहेत?
२) माझ्या फायरवॉलचा मुख्य पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे, आणि तो शेवटचा कधी बदलला?
३) तिचे लायसन्स व कंपनीचा आधार कोणत्या तारखेला संपतो?
४) बाहेरून आत येणारी किती दारे उघडी आहेत, आणि प्रत्येकाचे कारण काय?
५) पाहुण्यांच्या वाय-फायवरून माझा हिशेबाचा संगणक दिसतो का?
६) आज सर्व संगणक बंद पडले, तर कालचा हिशेब मी कोठून व किती वेळात परत आणीन?

ज्या प्रश्नाचे उत्तर लिहिता आले नाही, तेथून कामाला सुरुवात करावी.